आधीच लिहिलेले वीस सेकंद

आमच्या वन्संना अंडी उकडायला घड्याळ लागत नसे. पातेलं गॅसवर ठेवून त्या पेपर वाचत बसायच्या आणि मध्येच उठून गॅस बंद करायच्या. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात मी चोरून मोजून पाहिलं होतं. सात मिनिटं म्हणजे सात मिनिटं. "झालं का मोजून?" पेपरातून मान वर न काढता त्यांनी विचारलं, आणि मी उगाचच भांडी आवरायला लागले.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची आमच्या घरात कुणाची प्राज्ञा नव्हती. एकोणीस वर्षं त्या एका तपासणी केंद्रात एमआरआयचं मशीन चालवताहेत. बोगद्यासारखं ते मोठं चुंबक, काचेपलीकडे बसून ते चालवायचं आणि माइकवरून आत झोपलेल्या माणसाला सांगायचं, "हलू नका." घरीसुद्धा तोच सूर. हे त्यांच्याकडून केस मागून सरळ करून घेताना म्हणायचे, "ताई, श्वास घेतला तर चालेल ना?"

केंद्रात त्यांना सगळे 'काटा' म्हणत. सेकंदकाट्यातला. तोंडावर सहसा नाही, पण त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं. त्यांच्या कामात प्रत्येक रुग्णामागे एक कागद भरावा लागतो. त्यात एक रकाना असतो, औषध कधी सोडलं. काही तपासण्यांत शिरेतून एक औषध देतात, त्यानं आतली गाठ चित्रात उजळते. चित्रं आधी सुरू करायची आणि विसाव्या सेकंदाला पंपानं औषध सोडायचं, हा तिथला शिरस्ता. वन्संच्या हातून त्या विसाचे कधी एकवीस झाले नाहीत. म्हणून सकाळी गेल्या गेल्या त्या दिवसभराच्या कागदांवर तो आकडा आधीच लिहून मोकळ्या व्हायच्या. "जे होणारच आहे ते लिहायला मुहूर्त कशाला हवा?" असं त्या म्हणाल्या होत्या, आणि मी ते चार बायकांत कौतुकानं सांगितलंही होतं.

आता शिवणमावशीबद्दल सांगते. मागच्या गल्लीत तळमजल्यावर तिची एक खोली आहे. एका भिंतीला शिलाई मशीन, दुसरीला कापायचं टेबल आणि त्यांच्यामधून जेमतेम एक माणूस आडवं जाईल एवढी वाट. पडदे, अभ्रे, शाळेचे गणवेश, कोट, काय म्हणाल ते ती शिवते. शिवताना पाच-सहा टाचण्या ओठांत धरलेल्या असतात आणि तशाच मिटल्या ओठांनी ती सगळ्या गल्लीच्या बातम्या सांगते. टाचणी पडत नाही आणि बातमीही अडत नाही. उरलेल्या टाचण्या कॉलरीला, बाहीला, जिथे हात पोचेल तिथे टोचलेल्या. मी एकदा म्हटलं, "मावशी, तुला मिठी मारायची तर चिलखत घालून यावं लागेल."

"मारतंय कोण?" ती म्हणाली.

तिच्या डाव्या कानाच्या पाळीखालची गाठ पहिल्यांदा मीच पाहिली. बैठकीच्या पडद्यांचं माप द्यायला गेले होते, ती वाकली आणि केस बाजूला झाले. सुपारीएवढी होती. "दोन वर्षांची आहे, दुखत नाही, भाडं देत नाही, राहू दे," ती म्हणाली. मी राहू दिलं नाही. डॉक्टरांकडे नेली. त्यांनी सांगितलं, ही लाळेच्या ग्रंथीतली गाठ. कानापुढे जी मोठी ग्रंथी असते त्यातली. सुईनं थोडासा नमुना घेतला, पण त्यातून काही निष्पन्न होईना. मग औषध देऊन एमआरआय करा म्हणाले.

"अगं, मग आमच्याकडेच आण," वन्सं म्हणाल्या. त्या दिवशी ओट्याशी उभं राहून त्यांनी मला सगळं समजावलं होतं. त्या ग्रंथीत साध्या गाठी होतात तशा वाईटही होतात, आणि वरून दोन्ही सारख्याच. औषध सोडलं की मात्र प्रत्येकीचा स्वभाव उघडा पडतो. एक गाठ घोट घोट सावकाश पिते. दुसरी घटाघटा पिते आणि लगेच टाकून देते. या दोन्ही बहुतेक निरुपद्रवी. "जी घाईनं पिते आणि धरून बसते, तिची मला भीती वाटते. अर्थात नुसतं तेवढ्यावर ठरत नाही, डॉक्टर बाकीचंही बघतात. पण वेळ बिनचूक लागते. म्हणून तर मी आहे."

"आणि वाईट निघाली तर?"

"चेहऱ्याची नस त्या ग्रंथीतूनच जाते. झाडासारख्या फांद्या असतात तिला. हसणं, डोळा मिटणं, ओठ आवळणं, सगळं तिच्यावर."

मावशी आत जायला तयार नव्हती. बोगदा बघूनच ती दाराची चौकट धरून उभी राहिली. मी तिला म्हटलं, "आमच्या वन्संच्या हातात आहेस. या बाबतीत त्यांच्या शब्दापुढे दुसरा शब्द नाही." हे वाक्य माझं आहे. ते विसरता आलं तर बरं होईल असं मला अजून वाटतं.

तपासणीला वेळ जास्त लागला. मावशी बाहेर आली ती घामानं निथळत, वन्संच्या खांद्यावर भार टाकून. "टाचण्या!" वन्सं वैतागून म्हणाल्या. "तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हणाल्या. शिरेत सुई घालून झाली आणि बघते तर बाहीच्या दुमडीत अजून एक." ते ऐकून मला हसू फुटलं होतं.

रिपोर्ट चांगला आला. सावकाश पिणाऱ्यातली गाठ दिसते, साधीच असावी, सवडीनं काढून घ्या. मावशीनं 'सवडीनं' हा शब्द तेवढा उचलला. शाळा उघडायच्या होत्या, गणवेशांचा ढीग पडला होता. "ढीग उपसते, मग काढू," ती म्हणाली. मीही म्हटलं, हो, काय घाई आहे.

पाच आठवड्यांनंतरचा रविवार. आम्ही तिघं दुपारी जेवत होतो. मी आदल्या दिवसाची गंमत सांगत होते. मावशी माझ्या अभ्र्याला टाचण्या लावत होती आणि तिच्या ओठांतून टाचणी सुटून खाली पडली. मग दुसरी, मग तिसरी. "मी म्हटलं, मावशी, म्हातारी झालीस, आता डबी घे!" मी तिची नक्कलही करून दाखवली, ओठाचा डावा कोपरा सैल सोडून. हे हसले.

वन्संनी घास खाली ठेवला. "डावीकडूनच?"

"हो. आणि चहासुद्धा गळला ना, त्याच कोपऱ्यातून. कोटाच्या अस्तरावर पडला, मग काय शिव्या..."

वन्सं पानावरून उठल्या. ताटात टाकायचं नाही हा त्यांचा नियम आम्हा सगळ्यांना पाठ. त्यांचं अर्धं ताट तसंच राहिलं. हे माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे.

मी मागच्या गॅलरीत गेले तेव्हा त्या दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होत्या. उशीचा एकच अभ्रा त्यांनी चार वेळा घडी केला आणि चार वेळा उलगडला.

"त्या दिवशी नळीचा चिमटा बंद होता," त्या म्हणाल्या.

मला आधी काही कळेना. मग त्यांनी तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. शिरेतल्या सुईला नळी असते, नळीला एक छोटा चिमटा असतो. बाहीत टाचणी दिसली तशी त्यांनी ती नळी चिमट्यानं बंद केली, टाचणी काढली आणि चिमटा उघडायचा राहिला. चित्रं सुरू झाली, विसाव्या सेकंदाला पंपाचं बटण दाबलं, आणि पंप ओरडून थांबला. त्या आत धावल्या. मावशी घाबरून बाहेर यायला बघत होती, तिला समजावलं, चिमटा उघडला, बाहेर आल्या, पुन्हा बटण दाबलं. तेव्हा दोन मिनिटं झाली होती.

"मग पहिल्यापासून नाही का करायचं?"

"करायला हवं होतं. पण त्या आत रडत होत्या. एकदा बाहेर आल्या असत्या तर पुन्हा गेल्या नसत्या. म्हटलं, चित्रं येतायत ना, औषधाची वेळ तेवढी बरोबर मांडली की झालं." त्या थांबल्या. "कागदावर वीस लिहिलेलं होतं. मी खोडलं नाही."

मावशीला सावरण्यात ते राहून गेलं. आमचे नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. दुसऱ्या गावाहून एक डॉक्टर चित्रं वाचत होते. त्यांनी कागदावरचा आकडा धरला. औषध पोचलंच दोन मिनिटांनी, त्यांना वाटलं गाठच सावकाश पिणारी.

"तुम्हाला आठवलं कधी?"

"तिसऱ्या दिवशी. रिपोर्ट हातात आला तेव्हा." अभ्रा पुन्हा उलगडला गेला. "आमच्या काचेवर एक पाटी आहे, 'चिमटा उघडा आहे का?' माझ्याच अक्षरात. मीच लावलीय. इतरांसाठी."

यापुढे मी जे बोलले ते लिहायला हात वळत नाही. पण त्यांचं सगळं लिहायचं आणि आपलं झाकायचं हे बरं नव्हे. मी म्हटलं, "वन्सं, कुणाला कळलंय? मशीनमध्ये काहीतरी झालं होतं म्हणून पुन्हा बोलवा. तुमचं नाव कशाला मध्ये?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "पाच आठवडे मी स्वतःला हेच सांगतेय गं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं कसं वाटतं ते."

त्या संध्याकाळी मावशीकडे अभ्रे आणायला मी गेले होते. ठरलेलंच होतं. तिनं विचारलं, "चेहरा का असा?" मी म्हटलं, "डोकं दुखतंय." अभ्रे घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी वन्सं म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. मी वाटेतूनच परत फिरले तर कुणीतरी हवं." त्यांच्या तोंडून असलं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

केंद्रातले डॉक्टर चष्मा कपाळावर चढवून चहा पीत होते. वन्संनी उभ्या उभ्याच सांगितलं. ते आधी हसले. "काटा आणि चुकला? काहीतरीच." मग वन्संचा चेहरा बघून त्यांनी चष्मा खाली ओढला, चित्रं उघडली, कागद मागवला. वन्सं एकेक वेळ सांगत गेल्या आणि ते आकडे सरकवत गेले. पडद्यावरची रेघ डावीकडे सरकली. चहावर साय धरली.

"ही सुरुवातीची सपाट रेघ एवढी लांब आहे, वाचणाऱ्यानंही विचारायला हवं होतं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "घाईनं पितेय. आणि सोडत नाहीये."

वन्संनी खुर्चीची पाठ धरली.

"तोंडाचा कोपरा सैल पडलाय म्हणता ना? मग आज-उद्या पुन्हा करायला हवं. सुईचा नमुनाही परत घेऊ. मी फोन करतो त्यांना. मशीनमध्ये जरा अडचण होती म्हणून सांगू."

अक्षरशः माझंच वाक्य. शिकल्यासवरल्या माणसाच्या तोंडी ते किती सहज बसलं होतं! माझे कान तापले.

"मशीन चांगलं होतं, डॉक्टर," वन्सं म्हणाल्या. "फोन नको. मी जाते."

मावशी शिवत होती. आम्हा दोघींना एकदम दारात बघून तिचा पाय मशीनच्या पायडलवरच थांबला. "सासर-माहेर एकदम? काय शिवायचंय?" तिनं स्टूल पुढे सरकवलं. वन्सं बसल्या नाहीत. त्यांनी चिमटा सांगितला, दोन मिनिटं सांगितली, वीस सांगितलं. तिसऱ्या दिवशी आठवलं आणि गप्प बसले, हेही सांगितलं. ते सांगितलं नसतं तरी चाललं असतं, असं माझ्या मनात येऊन गेलंच.

मावशीनं ओठांतल्या टाचण्या एकेक काढून टाचण्यांच्या छोट्या उशीला टोचल्या. "म्हणजे माप न घेताच आकडा लिहिलात."

"हो."

"आमच्यात असं केलं तर लोक कपडा परत घेऊन येतात. उसवून पुन्हा शिवून देता येतो. माझं काय उसवणार, बाई?"

मशीनच्या सुईखाली एक गणवेशाची बाही अर्धी अडकून राहिली होती, मी तिच्याकडे बघत होते. तेवढ्यात मावशी माझ्याकडे वळली.

"आणि तुला केव्हा कळलं?"

"काल दुपारी."

"काल संध्याकाळी तू माझ्याकडून अभ्रे नेलेस."

"हो."

"डोकं दुखत होतं म्हणालीस."

तिनं काही मोठा आवाज केला नाही. तो केला असता तर बरं झालं असतं. ती उठली, दिवा मालवला आणि म्हणाली, "उद्या किती वाजता यायचं? आणि यांनी करायचं नाही. दुसरं कुणी असेल तर येते."

"दुसरी आहे," वन्सं म्हणाल्या. "चांगली आहे."

दुसऱ्या दिवशी वन्सं पहिल्यांदाच काचेच्या अलीकडे, नातेवाईक बसतात त्या बाकावर बसल्या. गणवेश नाही, गळ्यात ओळखपत्र नाही. मावशी आत जायच्या आधी आमच्यासमोर उभी राहिली. कॉलरीच्या टाचण्या काढल्या, बाहीच्या काढल्या, दुमडी उलटून दाखवली. सगळ्या वन्संच्या तळहातावर ठेवल्या. "अकरा आहेत. मोजून घ्या."

वन्संनी मोजल्या. एकेक करून, बोटानं बाजूला सारत. "अकरा."

"लिहून नका ठेवू हं आधीच," मावशी म्हणाली आणि आत गेली. जाता जाता मारलेला तो टोमणा वन्संनी मान खाली घालून घेतला.

दार बंद झालं. मशीनचा ठोठो आवाज सुरू झाला. आतून वन्संच्या सहकारिणीचा आवाज आला, "हलू नका." वन्संची मूठ टाचण्यांवर मिटली होती आणि ओठ हलत होते. मग त्या पुटपुटल्या, "आता सोडलं." पंपाचा घरघराट तेव्हाच ऐकू आला. नेमका विसाव्या सेकंदाला, यात मला शंका नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावर त्याचं काही नव्हतं. मूठ उघडली तेव्हा तळव्यावर दोन ठिकाणी रक्ताचा ठिपका होता.

गाठ वाईटच निघाली. नव्या सुईच्या नमुन्यातही तेच आलं. आठ दिवसांत शस्त्रक्रिया झाली. नसेचं मुख्य खोड वाचलं, डोळा नीट मिटतो, कपाळाला आठ्या पडतात. ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी एक बारीक फांदी गाठीला चिकटली होती, ती मात्र कापावी लागली.

"पाच आठवड्यांपूर्वी केलं असतं तर?" वन्संनी सर्जनना विचारलं. मी शेजारी होते.

"सांगता येणार नाही," ते म्हणाले. "कदाचित असंच झालं असतं. कदाचित नसतं."

वन्सं तेवढं उत्तर घेऊन घरी आल्या. 'हो' किंवा 'नाही' असतं तर माणूस त्याच्याशी भांडतो तरी. 'कदाचित'शी कसं भांडायचं?

केंद्रात त्यांनी सगळ्यांना एकत्र बसवून घडलं ते सांगितलं. आता तो रकाना कुणीच आधी भरत नाही. वन्सं अजून कामावर आहेत. लोक अजून त्यांना काटाच म्हणतात, जुनी सवय. पूर्वी तो शब्द कानावर पडला की त्या गालात हसायच्या, आता चालायचा वेग वाढवतात. आणि अंड्यांचं पातेलं गॅसवर ठेवलं की मनगटावरचं घड्याळ काढून ओट्यावर समोर ठेवतात. पेपर वाचत नाहीत.

मावशी पुन्हा शिवायला बसली. चहा उजव्या बाजूनं पिते, टाचण्या उजव्या कोपऱ्यात धरते, डावीकडचं हसू जरा मागे राहतं. माझ्याशी बोलते, पण माझ्या डोक्याची चौकशी मात्र नेमानं करते. "आज दुखत नाही ना?" चार महिने झाले, अजून प्रत्येक वेळी विचारते. मी दर वेळी नाही म्हणते.

वन्सं त्या गल्लीतून जात नसत. लांबच्या रस्त्यानं जायच्या.

मग गेल्या आठवड्यात मावशीनं निरोप दिला, "मोठ्या बाईंना पाठव. कामावर घालतात तो कोट खांद्यात उतरलाय त्यांच्या. त्या दिवशी दारात उभ्या होत्या तेव्हाच पाहिलं होतं. नवा शिवते."

"मला नकोय," वन्सं म्हणाल्या.

"तिला शिवायचाय," मी म्हटलं.

दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी त्या निघाल्या. मी बरोबर होतेच. मावशीनं 'या' म्हटलं नाही की 'बसा' म्हटलं नाही. कच्चा टाचलेला कोट अंगावर चढवला, मागे उभी राहिली, ओठांच्या उजव्या कोपऱ्यात टाचण्या धरल्या आणि खांद्यापाशी वाकली. वन्संनी कशासाठी तरी मान वळवायला घेतली, बहुतेक काहीतरी बोलायलाच.

"हलू नका," मिटल्या ओठांनी मावशी म्हणाली.

वन्सं थांबल्या. मावशीनं एक टाचणी लावली, काढली, बोटभर पुढे पुन्हा लावली. डाव्या खांद्याचं माप दोनदा घेतलं, उजव्याचं तीनदा, आणि प्रत्येक वेळी घेतल्यानंतर खडूनं टेबलावर लिहिलं. भिंतीवर घड्याळ होतं. वन्संनी एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही. मावशीनं 'झालं' म्हणेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या.